साभार परत की सकारण परत?

'साभार परत' या दोन शब्दांनी मराठी लेखकांच्या कित्येक पिढ्यांना जितके शिकविले, तितके क्वचितच एखाद्या ग्रंथाने शिकविले असेल. आणि जितके खचविले, तितके दुष्काळानेही खचविले नसेल. पूर्वी ही चिठ्ठी पोस्टमनच्या पिशवीतून येई. आपणच आपल्या हाताने पत्ता लिहून व तिकीट लावून सोबत जोडलेले पाकीट आपल्याकडे परत आलेले दिसले, की ते उघडण्यापूर्वीच आतला मजकूर कळत असे. आज पाकीट गेले, तिकीट गेले. निरोप खिशातल्या मोबाइलवर येतो. निरोपाचा आशय मात्र बदललेला नाही. गीत मिळाले, आभारी आहोत, सध्या आमच्या गरजेत बसत नाही.

काही दिवसांपूर्वी दर्यापूर भागातील एक तरुण प्रस्तुत लेखकाकडे आला. तो गीते लिहितो, त्यांना चाली लावतो आणि मित्राच्या खोलीत ती ध्वनिमुद्रित करतो. मालिका, जाहिराती, लघुपट यांच्यासाठी तयार गाणी शोधणाऱ्या तीन ठिकाणी त्याने आपली तीन गीते पाठविली होती. तिन्ही ठिकाणांहून नकार आला. त्या नकाराचे त्याला दुःख होते. पण त्याची खरी तक्रार निराळी होती. तो म्हणाला, "सर, नाही म्हटलं त्याचं काही नाही. पन कमी काय हाय, ते कोनाले इचारू?"

त्याच्या या प्रश्नात मोठा प्रश्न दडलेला आहे. अमरावती-अकोल्याच्या परिसरात लिहिणारी, गाणारी, भजनी मंडळांत आणि गझलेच्या मैफिलींत वाढलेली अशी मुले कितीतरी आहेत. त्यांना नकार मिळतो. नकाराचे कारण मिळत नाही. आणि जेव्हा कारण मिळते, तेव्हा त्याचे करायचे काय, हे सांगणारे कोणी जवळ नसते.

कापसाची गाडी आणि गाण्याची वही

ज्या व्यवहाराविषयी आपण बोलत आहोत, त्याचे स्वरूप प्रथम समजून घेतले पाहिजे. एखाद्या निर्मात्याला आपल्या मालिकेतील वा जाहिरातीतील प्रसंगासाठी गाणे हवे असते. नवे करून घेण्याऐवजी तो तयार गाणे निवडतो आणि ठराविक मोबदला देऊन ते वापरण्याचा परवाना घेतो. या परवान्याचे दोन भाग असतात. शब्द आणि चाल यांवरचा हक्क हा एक; त्या गाण्याच्या प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणावरचा हक्क हा दुसरा. दोन्ही हक्कांचे धनी निश्चित असल्याशिवाय शहाणा निर्माता त्या गाण्याला हात लावीत नाही. म्हणजे येथे गाण्याची परीक्षा केवळ काव्य म्हणून होत नाही. ते चांगले आहे काय, ते या प्रसंगाला शोभते काय, आणि ते विनातक्रार वापरता येईल काय, असे तीन निराळे प्रश्न एकाच वेळी विचारले जातात; आणि तिन्हींचे उत्तर मात्र 'नाही' या एकाच शब्दात येते. घोटाळ्याचे मूळ येथे आहे.

वऱ्हाडातील माणसाला हा घोटाळा कापसाच्या उदाहरणाने चटकन उमगेल. १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेच्या काळात आपल्या बापजाद्यांनी खरेदी केंद्रावर रात्र रात्र गाड्या उभ्या केल्या, आणि प्रतवारी करणाऱ्याशी वादही घातले. परंतु त्या वादाला एक आधार असे. कापसात ओलावा आहे, कवडी आहे, पाल्याचा कचरा आहे, असे काही तरी ग्रेडरला सांगावे लागे. आजही हमीभावाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंतचा ओलावा चालतो, १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात होते, आणि त्यापुढे माल नाकारला जातो. शेतकरी चिडतो, पण घरी जाऊन कापूस वाळवितो, कवडी वेचून काढतो आणि पुन्हा गाडी जुंपतो. कारण कळले, की नकाराचे काम होते. तेच कारण न सांगता गाडी परत केली असती, तर त्याने काय वाळवायचे आणि काय वेचायचे?

गीतकाराची वही ही अशीच कारणाविना परत आलेली गाडी आहे.

दोन नकार

कारण नसलेला नकार आणि कारण असलेली सूचना यांतील अंतर दाखविणारी एक घटना संगीताच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १ जानेवारी १९६२ रोजी लिव्हरपूलच्या चार तरुणांनी लंडनमध्ये डेका या ध्वनिमुद्रिका कंपनीपुढे १५ गाणी म्हणून दाखविली. कंपनीने त्यांना नाकारले. पुढे 'बीटल्स' या नावाने जगभर गाजलेली ती मंडळी, म्हणून डेकाच्या मूर्खपणाची ही कथा सर्वत्र मोठ्या चवीने सांगितली जाते. नाकारल्या गेलेल्या प्रत्येकाला तिने धीरही येतो. परंतु या कथेचा उत्तरार्ध अधिक मोलाचा असून तो सहसा कोणी सांगत नाही.

त्याच वर्षी पार्लोफोनच्या जॉर्ज मार्टिन यांनी त्यांना जवळ केले. मार्टिन यांना त्यांचे सगळेच पसंत पडले होते असे नाही. 'प्लीज प्लीज मी' हे गाणे त्यांच्यापुढे आले तेव्हा ते संथ लयीत बांधलेले होते. त्याची लय वाढवा, असे त्यांनी सुचविले. त्या तरुणांनी गाणे परत नेले, लय वाढविली, आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये ते पुन्हा ध्वनिमुद्रित झाले. १९६३च्या आरंभी बाजारात आलेल्या त्या गाण्याने त्यांचे भाग्य उघडले. डेकाने संपूर्ण माणसे नाकारली, आणि त्यातून कोणी काही शिकू शकले नाही. मार्टिन यांनी एका गाण्याची एक गोष्ट नाकारली, आणि त्यातून गाणे उभे राहिले. गाणे परत आले तेव्हा त्या मुलांनी आपला अपमान झाला असे मानले नाही, हेही तितकेच महत्त्वाचे.

आपल्याकडील उदाहरण तर घरोघरी ठाऊक आहे. 'शहीद' (१९४८) या चित्रपटाच्या वेळी निर्माते शशधर मुखर्जी यांना लता मंगेशकर यांचा आवाज फार पातळ वाटला. संगीतकार गुलाम हैदर यांनी त्याच वर्षीच्या 'मजबूर'मध्ये तोच आवाज वापरला. येथे आवाज बदलला नाही, ऐकणारा कान बदलला. म्हणजे नकार दोन जातींचा असतो. एक, जो आपले काही दुरुस्त करावयास सांगतो. दुसरा, जो केवळ नाकारणाऱ्याची आवड किंवा त्या दिवसाची गरज सांगतो. पहिल्याकडे कानाडोळा करणारा कलावंत वाढत नाही. दुसऱ्याला शरण जाणारा उरत नाही. हे दोन्ही ओळखण्याचा विवेक कोठून आणावयाचा, हा खरा प्रश्न आहे.

बाराखडीचा वारसा

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला लंडनला जावे लागत नाही. ते अमरावतीतच आहे.

१५ एप्रिल १९३२ रोजी अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांचा पहिला संग्रह 'रूपगंधा' १९६१ साली निघाला. दुसरा, 'रंग माझा वेगळा', निघावयास १९७४ साल उजाडले. या दोन संग्रहांमधील तेरा वर्षे ही ज्याच्या शब्दाला पुढे घरोघरी जागा मिळाली अशा कवीची तेरा वर्षे आहेत. हृदयनाथ मंगेशकरांच्या हाती त्यांची कविता मुंबईच्या पदपथावर विकावयास ठेवलेल्या जुन्या पुस्तकांतून आली, अशी हकीकत सांगितली जाते. पुढे 'सिंहासन' (१९७९) आणि 'उंबरठा' (१९८२) या चित्रपटांतून ती कविता ज्यांनी ऐकली, त्यांपैकी किती जणांना त्या तेरा वर्षांची कल्पना असेल?

परंतु येथे भटांचे स्मरण करण्याचे कारण त्यांची उपेक्षा किंवा त्यांची कीर्ती हे नाही. नवोदितांशी ते कसे वागले, हे आहे. गझल लिहू पाहणाऱ्या मुलांसाठी त्यांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली. वृत्त कसे सांभाळावे, काफिया म्हणजे काय, रदीफ कोठे येते, अलामत का बिघडू नये, प्रत्येक शेर स्वतंत्र कविता का असावा लागतो, हे त्यांनी त्या लहानशा पुस्तिकेत सोप्या भाषेत सांगितले आणि ती लिहिणाऱ्यांपर्यंत पोहोचविली. गावोगावच्या अनोळखी मुलांशी त्यांनी पत्रव्यवहार केला. चूक झाली तर 'चूक आहे' असे स्पष्ट सांगितले. पण कोणती चूक, तेही सांगितले. मराठी गझलेची आज जी मोठी पिढी दिसते, तिच्या मुळाशी ही बाराखडी आहे. अमरावती जिल्ह्यातूनच आलेले गायक भीमराव पांचाळे यांनी गझल संमेलने आणि कार्यशाळा यांच्या द्वारे पुढे तोच प्रवाह वाहता ठेवला.

ही रीत भटांनी आकाशातून आणली नव्हती. उर्दू परंपरेत तिला 'इस्लाह' म्हणतात. शागिर्दाने आपली रचना उस्तादाकडे पाठवावी, उस्तादाने शब्द खोडून शब्द सुचवावा, का खोडला ते सांगावे, आणि कागद परत करावा. मिर्झा गालिब (१७९७–१८६९) यांची पत्रे आपण आज गद्याचा नमुना म्हणून वाचतो. त्यांतली कितीतरी पत्रे मुन्शी हरगोपाल 'तफ्ता' यांच्यासारख्या शिष्यांच्या रचना दुरुस्त करण्यासाठी लिहिलेली आहेत. रचना परत येई, पण ती 'साभार परत' नसे, 'सकारण परत' असे. या एका शब्दाच्या फरकात गुरू आणि कारकून यांच्यातील फरक सामावलेला आहे.

वऱ्हाडचे दुसरे स्मरण मेहकरचे. ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) हे तेथे वकिली करीत. त्यांची 'शीळ' ही कविता १९३०च्या दशकाच्या आरंभी गायक जी. एन. जोशी यांच्या आवाजात तबकडीवर गेली, आणि मराठी भावगीताचा आरंभ बहुतेक जण त्या तबकडीपासून धरतात. कवीचा 'शीळ' हा संग्रह मात्र १९५४ साली निघाला. साहित्य अकादमीचा पुरस्कार 'खूणगाठी'ला मिळाला तो १९८६ साली. गाण्याचा प्रवास कवीच्या मागून जात नाही आणि त्याच्या वेळापत्रकानेही चालत नाही, एवढे मेहकरच्या या वकिलाने आपल्याला दाखवून दिले. ज्यांना तीन महिन्यांत तीन नकार आले म्हणून वही पेटीत टाकावीशी वाटते, त्यांनी हा कालावधी एकदा बोटांवर मोजावा.

नकार कसा वाचावा

एवढे ध्यानात घेऊन त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. आलेल्या अभिप्रायाचे तीन ढीग करावेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे: दोष, गरज आणि हक्क.

पहिला ढीग दोषांचा. ओळीत मात्रा कमी पडते, यमक ओढून आणले आहे, ध्रुवपद लांबले आहे, गाणे सुरू होण्यापूर्वीच वाद्ये दीड मिनिट वाजतात, आवाजामागे पंख्याची घरघर ऐकू येते. असे काही कोणी सांगितले तर ती देणगी समजावी. येथे अनुभव सांगावयास हरकत नाही. तरुणपणी प्रस्तुत लेखकाने एका नभोवाणी केंद्राकडे काही गीते पाठविली होती. ती छापील चिठ्ठीसह परत आली, आणि त्या केंद्रावरचा राग पुष्कळ वर्षे पुरला. पुढे वर्गात वृत्ते शिकविताना एके दिवशी आपलेच गीत फळ्यावर लिहिले तेव्हा दिसले, की पहिल्याच ओळीत 'आभाळ' हा शब्द यतीपाशी मधोमध तुटत होता. 'आ' अलीकडे राही आणि 'भाळ' पलीकडे जाई. ऐकणाऱ्याला आभाळाऐवजी कपाळाचाच भास व्हावा! नकार योग्य होता. फक्त तेव्हा कोणी एक ओळ लिहून कळविले असते, तर रागाची ती वर्षे वाचली असती, आणि कदाचित गीतही वाचले असते.

दुसरा ढीग गरजेचा. 'आमच्या प्रसंगाला बसत नाही' हा शेरा गीताच्या गुणवत्तेविषयी काहीच सांगत नाही. ज्या दृश्यात पात्रे बोलत आहेत, त्यामागे शब्दबहुल गाणे चालत नाही. तेथे शब्द शब्दाशी भांडतात. विरहाच्या प्रसंगाला पेरणीचे गीत उत्तम असूनही निरुपयोगी असते. लग्नाच्या घरी कोणी तिरडीचा बांबू आणला, तर तो सरळ व भक्कम असूनही परतच जाणार. अशा वेळी गीतात खोडाखोड करणे ही चूक होय. गीत जपून ठेवावे, आणि ते कोणत्या प्रसंगाला शोभेल हे स्वतःच दोन ओळींत लिहून ठेवावे. मात्र मागणी नीट न वाचता हाती असेल ते पाठवून देण्याची सवय आपल्या मुलांत आहे, तिचा दोष नाकारणाऱ्याच्या माथी मारता येणार नाही.

तिसरा ढीग हक्कांचा, आणि याच ढिगाकडे आपल्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने या भागाला भजनाचे वेड लावले. गावोगावी भजनी मंडळे उभी राहिली. त्यांतील बहुतेकांत एक प्रथा रूढ आहे. गाजलेल्या चित्रपटगीताची चाल घ्यावयाची आणि तीवर आपले शब्द बसवावयाचे. सप्ताहात, जत्रेत, लग्नात ते खपून जाते. परवान्याच्या व्यवहारात ते खपत नाही, कारण शब्द आपले असले तरी चाल दुसऱ्याची मालमत्ता असते. तसेच मित्राने पेटी वाजविली, दुसऱ्याने तबला, तिसऱ्याने दोन ओळी सुचविल्या, चौथ्याच्या बहिणीने गाणे म्हटले, आणि कागद कोणाचाच नाही, अशी स्थिती असते. निर्माता अशा गाण्याला नकार देतो, पण कारण लिहून देण्याच्या भानगडीत पडत नाही. गीत पाठविण्यापूर्वी शब्द कोणाचे, चाल कोणाची, आवाज कोणाचा, मुद्रण कोणी केले, हे एका कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घेतल्या, तर निम्मी वाट सोपी होईल.

होकार आला तर काय, याचाही विचार येथेच केला पाहिजे. कारण नकारांनी थकलेला माणूस पहिल्या होकारापुढे वाटेल त्या कागदावर सही करतो. आपल्या देशात यासंबंधी १९५७चा कायदा आहे. चित्रपटासाठी लिहून दिलेल्या गीतावर व संगीतावर निर्मात्याचा वरचष्मा मान्य करणारा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला होता, आणि त्यानंतर कित्येक गीतकारांनी एकरकमी बिदागीवर समाधान मानले. २०१२च्या दुरुस्तीने ही स्थिती बदलली. आज गीतकार व संगीतकार आपला स्वामित्वधनाचा वाटा कोणा कंपनीला सोडून देऊ शकत नाहीत. चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज गाण्याच्या अन्य वापरांतून मिळणाऱ्या स्वामित्वधनात त्यांचा समान वाटा कायद्याने राखलेला आहे. हक्क हस्तांतरित करताना मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर तो केवळ भारत धरला जातो. 'सर्व हक्क, सर्वकाळ, सर्व जगात' असे छापलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी, जमिनीचा सातबारा आपण जसा दोनदा वाचतो, तसा तो कागद वाचावा. वाईट होकारापेक्षा चांगला नकार परवडतो.

'भाषा जरा ग्रामीण वाटते'

या तिन्ही ढिगांत न बसणारा एक शेरा वऱ्हाडच्या मुलांना वारंवार ऐकावा लागतो, आणि त्याविषयी स्वतंत्र बोलणे अवश्य आहे. 'भाषा जरा ग्रामीण वाटते' हा तो शेरा. तो ऐकून मुले 'मले'चे 'मला' करतात, 'तुले'चे 'तुला' करतात, आणि गाण्याचा प्राण गेला तरी व्याकरण शुद्ध झाल्याचे समाधान मानतात.

येथे नमते घ्यावयाचे कारण नाही. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीतील कौतिक जर पुणेरी बोलली असती, तर ती कादंबरी उभी राहिली नसती. अकोल्याचे विठ्ठल वाघ यांची 'तिफन' वऱ्हाडी मातीची आहे म्हणूनच 'अरे संसार संसार' (१९८१) या चित्रपटातून ती महाराष्ट्रभर गेली. ज्यांनी कधी तिफन डोळ्यांनी पाहिली नाही त्यांच्याही कानांना ती परकी वाटली नाही. बोली हा दोष नव्हे. मात्र बोलीच्या नावाखाली ढिसाळपणा लपविणे हा निश्चित दोष आहे. एका ओळीत 'मले' आणि पुढच्या ओळीत निष्कारण 'मजला' असा शब्द आला, तर ऐकणारा अडखळणारच. वऱ्हाडी म्हणजे हशा पिकविण्याचे साधन, अशी समजूत करून घेऊन गंभीर गीतातही ओढून आणलेला शब्द घालणे हेही तसेच. म्हणून हा शेरा आला, की स्वतःला विचारावे: येथे बोली आहे, की केवळ हलगर्जीपणा? बोली असेल तर ठामपणे ठेवावी, हलगर्जीपणा असेल तर निमूटपणे काढावा.

अभिप्रायाविषयीची एक धोक्याची सूचनाही येथेच द्यावयास हवी. प्रत्येकाचे ऐकत गेल्यास गीत वाण्याच्या दुकानातील गुळगुळीत वजनासारखे होते. सर्वांचे हात लागलेले आणि कोणाचेही न राहिलेले. एकाने दाखविलेली उणीव ही त्याचे मत असू शकते. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांनी एकाच जागी बोट ठेवले, तर मात्र ती जागा पुन्हा तपासलीच पाहिजे. आणि हे सारे नकार आल्याच्या दिवशी करू नये. त्या दिवशी माणूस एक तर सर्व काही फाडून टाकतो, किंवा समोरच्याला चार शब्द सुनावणारे उत्तर लिहून बसतो. आठ दिवस जाऊ द्यावेत, मग वही उघडावी. गीत कोठे, केव्हा पाठविले, काय उत्तर आले, याची नोंद दुकानदाराच्या खतावणीसारखी ठेवावी. उत्तर देणाऱ्याशी वाद घालू नये; फार तर आभार मानून एकच प्रश्न विचारावा, आणि तो उत्तर देता येईल असा असावा. 'गाणे कसे वाटले?' याला उत्तर नसते. 'दुसरे कडवे काढले तर चालेल काय?' याला असते.

नाकारणाऱ्यांचे कर्तव्य

येथवर नाकारल्या जाणाऱ्यांना उपदेश झाला. परंतु उपदेश नेहमी खालच्या पायरीवरच्या माणसाला करावयाचा आणि वरच्या पायरीला नमस्कार करावयाचा, ही आपली जुनी खोड आहे. नाकारणाऱ्यांचेही काही कर्तव्य आहे.

त्यांनी हे प्रथम ध्यानात ठेवावे, की नाकारणाराही नाकारला जातो. १९५२ साली नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर यांच्या कारकीर्दीत आकाशवाणीने चित्रपटगीते जवळपास बंद केली. हेतू अभिजात संगीताच्या संवर्धनाचा होता, हे कोणीही मान्य करील. पण श्रोत्यांनी यंत्राची खुंटी पिळून रेडिओ सिलोन लावले, आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून आकाशवाणीला त्यांची मनधरणी करावी लागली. हार्मोनियमलाही आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत दार बंद ठेवले होते. वऱ्हाडातील एकाही भजनी मंडळाने त्यासाठी आपली पेटी विकली नाही. त्याच आकाशवाणीने चाचणी घेऊन कलावंतांना श्रेणी देण्याची पद्धत रुजविली, हेही सांगितले पाहिजे. श्रेणीवर वाद होऊ शकतात. पण आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत, एवढे तरी तीमुळे कलावंताला कळते.

शेकडो गीते येतात, प्रत्येकाला पत्र कसे लिहावयाचे, असे यावर म्हटले जाईल. आक्षेप खोटा नाही. परंतु कोणी पत्र मागत नाही. पाच कारणांची एक छापील यादी पुरे: रचनेत दोष, ध्वनिमुद्रण सदोष, प्रसंगाशी विसंगत, हक्कांची कागदपत्रे अपुरी, असेच गीत आधीच घेतले आहे. यांपैकी एकावर खूण करावयास अर्धे मिनिट लागते. ज्याने गीत पूर्ण ऐकले, त्याला हे अर्धे मिनिट जड वाटू नये. ज्याला जड वाटते, त्याने गीत ऐकले की नाही, अशी शंका येते.

आणि मुंबईच्या मंडळींनी हे करीपर्यंत आपण वाट का पाहावी? संत गाडगेबाबांच्या नावाचे विद्यापीठ अमरावतीत १९८३ पासून आहे. दोन्ही शहरांत संगीत शिकविणारी महाविद्यालये आहेत, आकाशवाणीवर वर्षानुवर्षे गायलेले कलावंत आहेत, निवृत्त प्राध्यापक आहेत, कायदा जाणणारे वकील आहेत. महिन्यातून एक रविवार अमरावतीला आणि एक अकोल्याला अशी 'गीत-तपासणी' बसविता येणार नाही काय? व्यासपीठ नको, हारतुरे नकोत, प्रमुख पाहुणेही नकोत. एक कवी, एक संगीतकार आणि एक वकील अशा तिघांनी बसावे, मुलांनी गीत ऐकवावे, आणि प्रत्येकाने एक कागद भरून द्यावा. सत्कारांवर आणि स्मरणिकांवर आपण जेवढा खर्च करतो, त्याच्या अल्पांशात हे होईल. सुरेश भटांच्या शहराने त्यांच्या बाराखडीचे यापेक्षा चांगले स्मारक ते कोणते करावे?

तो दर्यापूरकडचा तरुण त्यानंतर दोनदा येऊन गेला. तीन गीतांपैकी एकाची चाल एका जुन्या चित्रपटगीतावरून आली आहे, हे त्याने स्वतःच कबूल केले. ती आता तो नव्याने बांधतो आहे. दुसऱ्या गीतातील एक कडवे त्याने काढून टाकले, आणि ते काढताना त्याला फार जड गेले. तिसऱ्यात आम्हा दोघांनाही दोष सापडला नाही. ते त्याने तसेच ठेवले आहे, आणि पुन्हा पाठविण्यासाठी योग्य मागणीची वाट पाहतो आहे. त्यातले एकही गीत अद्याप कोठे घेतले गेलेले नाही. पण जाताना तो म्हणाला, की आता कागद परत आला तर काय पाहावयाचे ते कळते.

हमीभावाने विकला जाणारा तो माल नव्हे, हे खरे. तरी गाडी परत का आली, एवढे कळण्याचा हक्क त्या वहीला आहेच.